एका हाताचा चाप

फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवरून आलेल्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र भाद्रपदात आलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी ते माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. वाचायला बसलो की पुस्तकाच्या कडेनं दिसायचं. मग मी त्याच्यावर शब्दकोश ठेवायला लागलो.

पत्र मला वर्तमानपत्राच्या कचेरीमार्फत आलं होतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यांनी विचार करून ठरवलेल्या वस्तूंची चित्रं काढायचो. निवृत्त झाल्यावर एका स्थानिक पेपरच्या रविवार पुरवणीत घरातल्या साध्यासुध्या वस्तूंवर अधूनमधून लिहायला लागलो. ते कुणी वाचत असेल असं मला वाटत नसे. अडकित्त्यावर लिहिलं आणि हे पत्र आलं.

‘पेपरवाले काका, नमस्कार. तुमचं अडकित्त्याचं नातीनं वाचून दाखवलं. आमच्या घरात अडकित्ता हाय, पन त्याच्यात एवढं डोकं हाय हे म्हाईत नव्हतं. माझा उजवा हात लकव्यानं गेला. डाव्या हातानं सगळं जमतं, भाकर आन केस सोडून. भाकर सून करते, त्याचं मला काय नाय. पन केसाला तिची वाट बघावी लागते. ती शेळ्यांचं उरकून येईस्तोवर मी मोकळ्या केसानं ओट्यावर. मोकळ्या केसानं कोन बसतं ते तुमाला सांगायला नको. आमचा म्हातारा चांगला ठणठणीत हाय. परवा एक बाई लांबून बघून रडायच्या तयारीनंच आली. बाजारातले चाप आनून बघितले. एक तर दोन हात लागतेत, नाय तर पडतेत. एका हातानं लागंल आन पडनार नाय असा चाप करता येतो का? येत असंल तर व्हय म्हना, नसंल तर नाय म्हना. सारजाबाई.’

खाली बारीक अक्षरात: ‘आजीने सांगितले तसेच लिहिले आहे. सृष्टी, अकरावी.’

व्हय किंवा नाय. दोन्हींपैकी एकही मला लिहिता येईना. ‘होय’ लिहायला माझ्याकडे चाप नव्हता. ‘नाही’ लिहायचं तर आधी करून बघायला हवं. मी ठरवलं की आधी चाप करायचा आणि उत्तर म्हणून तोच पाठवायचा.

पहिल्यांदा गुलमंडीवर गेलो. बायकांच्या वस्तूंच्या दुकानात मी आयुष्यात एकटा गेलो नव्हतो. दोन वेळा दारावरून पुढे गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो आणि खालमानेनं म्हणालो, “केसांचे चाप. सगळ्या प्रकारचे एकेक.”

“किसके वास्ते होना, चाचा? बेटी के, बहू के?” दुकानदारानं विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “मेरे लिए.”

त्यानं माझ्या टकलाकडे शांतपणे पाहिलं. “चाचा, इसमें पकडने को तो कुछ हैच नै.”

शेजारच्या दोन मुली हसल्या. मी चाप घेतले, आणि समोर खोट्या केसांचं काळं गंगावन टांगलेलं दिसलं, तेही घेतलं. कुणाच्या डोक्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. गंगावनाला काही विचारावं लागणार नव्हतं. घरी येऊन ते पुस्तकांच्या कपाटाच्या कडेला खिळा ठोकून टांगलं आणि उजवा हात खिशात घालून डाव्या हातानं काम सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सून मंजुषा बँकेत निघताना दारात थांबली. “बाबा, ते तिथून काढता का? दूधवाल्यानं खिडकीतून बघितलं. विचारत होता, घरात कोण आलंय आणि भिंतीकडे तोंड करून का उभी आहे.”

मी काढलं नाही. खिडकीचा पडदा ओढून घेतला.

बाजारातल्या चापांची गंमत दोन दिवसांत कळली. घट्ट धरणारा चाप डाव्या अंगठ्यानं उघडत नाही, आणि सहज उघडणारा चाप केस धरत नाही. स्प्रिंगचा जोर वाढवला की एक अडचण, कमी केला की दुसरी. कारखान्यात असतो तर साहेबांकडे कागद सरकवून मोकळा झालो असतो. इथं साहेब मीच होतो, आणि त्या साहेबावर माझा कधीच विश्वास नव्हता.

माझा पुतण्या सुदर्शन चिकलठाण्याला स्प्रिंगा वळवण्याचं वर्कशॉप चालवतो. त्याच्याकडे मी चित्रं घेऊन जायला लागलो. पहिलं चित्र बघून तो म्हणाला, “काका, आमच्याकडं ट्रॅक्टरच्या सीटच्या स्प्रिंगा होतात. हे तर मुंगीचं बाळंतपण झालं.”

“जमणार नाही का?”

“जमंल हो. पण एवढा जोर दिला तर आजीच्या डोक्याला खोक पडंल.”

त्याला हसायला येत होतं, तरी तो करून द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत तार वाकवायचा, मी बाजूला उभा राहून “जरा इकडे, जरा तिकडे” म्हणायचो. पहिला चाप उघडला नाही. दुसरा गंगावनावरून घसरून पडला. तिसरा बसला, पण मी खोलीत फेऱ्या मारताना कपाटाची फळी हलली आणि तो खाली आला. चौथ्याची तार तुटून माझ्या चष्म्याच्या काचेवर आदळली. दर वेळी त्या पडण्याचा जो बारीक ‘टक्’ आवाज व्हायचा, तो मला झोपेतही ओळखू आला असता. मी वाचत असायचो, मागे ‘टक्’ व्हायचं, आणि पानावरची ओळ हातची जायची. शेवटी वाचणंच सुटलं.

मार्गशीर्षाच्या सुमारास एक गोष्ट सुचली. जोर स्प्रिंगनं धरायचाच कशाला? तो आकड्यानं धरावा. एका बाजूला लांब दातांची फणी, दुसऱ्या बाजूला वाकडी पट्टी. फणी केसांत खुपसून मनगट फिरवायचं, केसांना पीळ बसतो. मग अंगठ्यानं पट्टी दाबायची, की टोकाचा आकडा खट्कन अडकतो. सोडवायला आकडा बोटानं ढकलायचा. स्प्रिंग नावालाच, मऊ.

सुदर्शननं तो करून दिला आणि पहिल्यांदाच हसला नाही. “काका, हे बरंय,” म्हणाला. रिक्षानं क्रांती चौकापर्यंत येताना मी तो मुठीत धरून बसलो होतो.

गंगावनावर तो एका हातानं लागला. मी फळी हलवली, पडला नाही. गंगावनाला वजन म्हणून कुलूप बांधून लोंबकळत ठेवलं, पडला नाही. रात्रभर ठेवला, सकाळी तिथंच. मी कागद काढला, ‘ती. सारजाबाई यांस’ लिहिलं, आणि पुढे ‘होय’ लिहिण्याआधी थांबलो. वाटलं, एकदा खऱ्या केसांवर बघावं. ही शंका माझी नेहमीची, पण त्या दिवशी ती शहाणी निघाली.

रविवारी मंजुषानं केस धुतले होते. मी बराच वेळ तिच्या आसपास घुटमळलो.

“बाबा, काय हवंय ते सांगा. मघापासून तुम्ही त्याच पेपरची घडी घालताय.”

मी चाप पुढे केला. तिनं उलटसुलट बघितला, पत्र मागून वाचलं, आणि आपणहून उजवा हात पाठीमागे ओढणीत बांधून घेतला. “आणा तो सारजाबाईंचा चाप,” म्हणाली आणि डाव्या हातात तो घेऊन मानेमागे नेला.

बराच वेळ काहीच झालं नाही. तिचं कोपर वर-खाली होत होतं. फणी केसांच्या एका बटेत शिरायची, बाकीचे केस खांद्यावरून पुढे. ती बट सोडून दुसरीकडे वळली की पहिली निसटायची. शेवटी खट् झालं. चापात बोटभर जाडीची एक बट अडकली होती, आणि उरलेले सगळे केस तोंडावर.

“तू नीट धरत नाहीस,” मी म्हणालो. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं.

“कशानं धरू? बाबा, आधी केस गोळा करायला एक हात लागतो ना. मग चाप.” ती तोंडावरच्या केसांतून कपाटाकडे बघत होती. “तुमचं ते गंगावन वरून आधीच बांधून आलंय. दुकानातनंच.”

तिला हसू आलं होतं. माझं तोंड बघून ते थांबलं. तिनं हात सोडवला, चाप काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “पण पडला मात्र नाही हो. जेवढं धरलं तेवढं धरलं.”

मी कपाटाजवळ जाऊन पाहिलं. गंगावनाच्या डोक्याला काळा दोरा घट्ट गुंडाळलेला होता, त्याच दोऱ्यात मी खिळा घातला होता. इतके महिने मी बांधलेले केस पुन्हा बांधत होतो. अर्धा प्रश्न दुकानदारानं सोडवून दिलेला, उरलेल्या अर्ध्यावर माझी सगळी विद्वत्ता.

त्या दिवसापासून मला काहीच सुचेना. केस गोळा कसे होतात, हे आठवायला बसलो. माझी बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. रोज सकाळी ती माझ्यासमोर, त्याच खोलीत केस बांधायची. दातांत आकडे धरलेले असायचे आणि तशीच बोलायची, हे आठवतं. हात कुठून कुठं जायचे, आधी कानामागचे घ्यायची की मानेवरचे, काही आठवत नाही. माझ्यासमोर पेपर असायचा. मंजुषाला पुन्हा विचारायची लाज वाटत होती. तरी तिनंच दोनदा प्रयत्न करून बघितला. खाली वाकून, केस पुढे टाकून, फणी मानेकडून वर ओढत नेली तर बरेचसे केस येत होते, कपाळावरचे राहत होते.

“पण त्या बाईंना एवढं वाकता येतं का?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.”

“केस किती लांब आहेत? दाट की विरळ? डावा हात डोक्यापर्यंत जातो ना नीट?”

“माहीत नाही.”

“मग विचारा ना बाबा! पत्र टाका.”

मी त्या रात्री लिहायला बसलो. ‘आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला याबद्दल’ इथपर्यंत आलो आणि फाडलं. दुसऱ्या मसुद्यात केशरचनेचा इतिहास आला. तिसऱ्यात आकृती आली, शेजारी अ, ब, क. ते वाचून सृष्टीनं आजीला काय सांगितलं असतं? सुदर्शनकडे जाणंही बंद केलं. त्याचा फोन आला, “काका, बायका विचारायला लागल्यात इथल्या, तो चाप कुठं मिळंल म्हणून. झालं का काम?” मी म्हणालो, “चालू आहे.” काहीही चालू नव्हतं.

माघ संपत आला होता. दुपारी दार वाजलं. मंजुषा त्या दिवशी घरी होती, तिनं उघडलं. फेटा बांधलेला एक उंच म्हातारा उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात औषधांची पिशवी.

“पेपरात लिव्हनारे काकासाहेब इथंच राहतेत का?”

मी उठलो. “मीच.”

“मी मुंजाबा. फुलंब्रीकडून आलो. सारजाबाईचा मालक.” तो आत आला, खुर्ची नको म्हणाला आणि मग बसला. “घाटीच्या दवाखान्यातनं गोळ्या न्यायला आलतो तिच्या. पेपरच्या हापिसात गेलो, त्यांनी पत्ता दिला. तुमी जिते हाव का नाय ते बघायचं होतं.”

“बाबा घरीच असतात,” मंजुषा म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

“चाप झाला का?”

मी म्हणालो, “अजून पूर्ण नाही झाला.”

“मंग सुरू केलाय?” त्याचा आवाज एकदम वर गेला. “सुरू केलाय? आन तिथं ती म्हनती, शहरातला मानूस, त्यानं चिठ्ठी फेकून दिली असंल. रोज पोस्टमन रस्त्यानं गेला की नातीला पळवती. आता तर लई येगळंच काढलंय. म्हनती, शिमगा झाला की न्हाव्याला बोलवा आन केस उतरवून टाका. कटकटच नको.”

मंजुषा तांब्या घेऊन दारातच थांबली.

“मी जिता असताना!” मुंजाबा म्हणाला. “काकासाहेब, मी असा समोर बसलेला, आन घरात बाईचं डोकं भुंडं. पावनेरावळे मला बघून दचकतील.”

“तिकडे कुणी मदत करत नाही का?” मंजुषानं विचारलं. “म्हणजे, तुम्ही…”

“म्या म्हनलं होतं, पोरी. लाज सोडून म्हनलं, मी धरतो केस, तू लाव. मला म्हनली, सुनेची वाट बघत होते ती आता तुमची वाट बघू? तुमी पारावरनं कधी येता ते देवाला म्हाईत नसतं.” त्यानं पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. “तिला कुनाचा हातच नको हाय. हट्ट हाय तिचा. पन तिचं चुकतंय असं नाय म्हनता येत.”

मी टेबलावरचा चाप उचलून त्याला दिला. तो कसा लागतो ते दाखवलं, आणि कशासाठी अडलोय तेही सांगितलं. बोलताना जीभ अडखळत होती. मग मंजुषानं विचारलेले प्रश्न मी त्याला विचारले. केस किती लांब, किती दाट, वाकता येतं का.

मुंजाबा विचारात पडला. “लांब म्हंजी… हायेत चांगले. हितपर्यंत.” त्यानं आधी खांद्याला हात लावला, मग कमरेला. “का हितपर्यंत? पदर असतो वो डोक्यावर. मी कशाला बघू?”

“आधी कुठल्या बाजूचे केस घ्यायच्या त्या? हात चांगला होता तेव्हा?”

“ते तुमी तुमच्या मंडळींचं सांगा बरं.”

मंजुषानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा घेताना मुंजाबा म्हणाला, “एक काम करा. तिला लिव्हा, केस कापू नको. तुमचं ऐकंल ती. शिकलेल्या मानसाचं ऐकती.”

“तुम्हीच सांगा ना, चाप होत आलाय म्हणून. हा घेऊनही जा.”

“मी?” तो हसला, पहिल्यांदाच. “मी सांगितलं तर म्हनंल, ह्यांनीच बनवून सांगितलं, केस वाचवायला. चाप नेला तर म्हनंल बाजारातनं आनला. तिनं टपालानं इचारलंय, तुमी टपालानं जबाब द्या. शिक्का बघती ती. सृष्टीला शिक्का वाचायला लावती.” उठताना तो दारात वळला. “आन लौकर. शिमगा काय थांबनार नाय तुमच्या चापासाठी.”

तो गेल्यावर मी टेबलाशी बसलो. ‘केस कापू नका’ असं लिहिलं. वाचलं. बाई कुठली, केस कुणाचे, आणि सांगणारा मी कोण? मी तिला महिनोन्महिने ओट्यावर बसवून ठेवलं होतं, माझ्या हातून पूर्ण, चोख, चूक न काढता येणारी वस्तू होईपर्यंत. आता वर हुकूमही करू? तो कागद फाडला. मुंजाबा सरळ माणूस, त्याचं दुःखही खरं होतं, तरी फाडला.

“काय लिहिताय?” मंजुषानं विचारलं.

“जमत नाही.”

“बाबा, त्यांनी फक्त व्हय की नाय विचारलंय.”

“दोन्ही खोटं आहे.”

“मग जे खरंय तेवढं लिहा. चार ओळी. आणि अ, ब, क नको.”

मी लिहिलं:

‘सारजाबाई, नमस्कार. तुमचं पत्र मला भाद्रपदातच मिळालं. चाप अर्धा झाला आहे. एका हातानं लागतो आणि पडत नाही, पण केस गोळा करत नाही, ते अजून मला जमलेलं नाही. जमेल की नाही सांगता येत नाही. अर्धा झालेला चाप सोबत पाठवतो. माझी सून खाली वाकून केस पुढे टाकते आणि फणी मानेकडून वर नेते, तेव्हा बरेच केस येतात, कपाळावरचे राहतात. तुम्हाला वाकता येतं का? केस किती लांब आणि दाट आहेत? चाप कुठं अडतो, कुठं टोचतो? सृष्टीकडून कळवा, मी पुढचा करीन. केस ठेवायचे की उतरवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. उतरवलेत तरी एक ओळ टाका, म्हणजे मी थांबेन. मुंजाबा येऊन गेले. त्यांनी मला ‘कापू नका’ असं लिहायला सांगितलं होतं. ते मी लिहिलेलं नाही, पण त्यांनी सांगितलं होतं हे तुम्हाला माहीत असावं.’

शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं. दोनदा पेन उचललं, तसंच राहू दिलं. चाप रुमालाच्या तुकड्यात गुंडाळला. आकडा सैल वाटला, पुन्हा दाबून पाहिला. फणीचा एक दात किंचित वाकडा होता, तो मला आत्ताच दिसला. सुदर्शनकडे नेऊन सरळ करावा, एक-दोन दिवसांचं तर काम, असा विचार मनात आला आणि मी खरोखर चपला घालून चिकलठाण्याच्या रिक्षाच्या दिशेनं चालायला लागलो होतो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो. तिथून पोस्ट एका बाजूला आणि वर्कशॉप दुसऱ्या बाजूला. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी तिथंच रस्त्याच्या मधे उभा.

“आजोबा, जायचंय का नाय?” एक स्कूटरवाली ओरडली.

मी पोस्टाकडे वळलो.

खिडकीवर रांग होती. माझी पाळी आली तेव्हा कारकुनानं पाकीट तळहातावर तोललं. “आत काय आहे?”

“केसांचा चाप.”

“आजोबा, फुलंब्रीला चाप मिळत नाहीत का?”

“मिळतात,” मी म्हणालो. “पडतात.”

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे. मला वाटलं, आता परत मागावं. पत्र पुन्हा एकदा वाचावं, तो दात तरी सरळ करावा. मी हात पुढे केलाही होता. पण त्यानं शिक्का मारला, पाकीट मागच्या गोणीत टाकलं, पावती माझ्या उघड्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “पुढचे या.”